मातीविना वाफा

मातीवाचून वनस्पती वाढवावयाची तर तिच्या मुळांखाली काय घालावे, या प्रश्नाचा विचार युरोप-अमेरिकेत दीर्घकाळ दोन भिन्न मंडळी करीत होती, आणि त्यांपैकी एका मंडळीला दुसरीच्या कार्याची दखल घेण्याचे कारण क्वचितच पडले. एक मंडळी वनस्पतिशास्त्रज्ञांची, दुसरी शहरांच्या सांडपाण्याची विल्हेवाट लावणाऱ्यांची. मासे आणि भाजीपाला एकाच पाण्यावर पोसण्याची जी विद्या आज ॲक्वापोनिक्स या नावाने ओळखली जाते, तिच्या वाफ्यात या दोन्ही परंपरांचा संगम झालेला आहे. आणि वाफ्यासाठी वाळू, खडी की भाजलेल्या मातीच्या गोळ्या, हा वाद यथार्थपणे समजून घ्यावयाचा तर या दोन्ही प्रवाहांचा मागोवा घेणे अगत्याचे आहे, असे माझे मत आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञांना वाफ्यातील द्रव्य सर्वस्वी उदासीन हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये बूसिंगो यांनी वाळू, गारगोटी आणि कोळसा यांत रोपे वाढवली, ती एवढ्याचसाठी की वनस्पतीने जे काही घेतले ते आपण दिलेल्या द्रावणातूनच घेतले याची खातरजमा व्हावी. पुढे झाक्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 च्या सुमारास वाळूही वगळून मुळे थेट पाण्यात सोडली. 1929 पासून कॅलिफोर्निया विद्यापीठात गेरिक यांनी याच रीतीला प्रयोगशाळेबाहेर काढले. पाण्याच्या हौदावर तारेची जाळी ताणून, तिच्यावर पेंढा आणि लाकडाचा भुसा यांसारख्या जिनसांचा थर पसरून त्यांनी पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर जाणारी टोमॅटोची झाडे वाढवून दाखविली. दुसऱ्या महायुद्धात या विद्येला फौजी आश्रय मिळाला. अटलांटिक महासागरातील असेन्शन या ओसाड ज्वालामुखी बेटावर अमेरिकन फौजेने ताज्या भाजीच्या रसदेसाठी 1945 साली खडीचे वाफे घातले, आणि युद्धानंतर जपानमधील चोफू येथे हाच उपक्रम याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणावर झाला.

हिंदुस्थानचा या इतिहासातील वाटा मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही, याची खंत वाटते. 1946 साली बंगाल इलाख्यातील कालिंपाँगच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर जेम्स शोल्टो डग्लस यांनी या कामास हात घातला. पंप, नळ, विजेची यंत्रे या साऱ्यांना फाटा देऊन, खडी व वाळू यांचे मिश्रण साध्या कुंडात भरावयाचे, खताची कोरडी भुकटी वर भुरभुरावयाची आणि झारीने पाणी घालावयाचे, अशी गरिबाच्या ऐपतीतली तजवीज त्यांनी बसविली आणि 1951 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नुसती खडी घातली तर पाणी क्षणात निथळून जाते, नुसती वाळू घातली तर हवा कोंडते. म्हणून दोहोंचे प्रमाण जुळवावयाचे, हा त्यांचा विचार आजही कोणत्याही वाफ्यास लागू पडतो.

दुसरी परंपरा मैल्याच्या पाण्याची, आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाची. 1877 साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी काचेच्या एका मोठ्या नळीत गारगोटीची भाजलेली वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली आणि वरून अत्यंत मंद गतीने सांडपाणी सोडले. जवळजवळ वीस दिवस अमोनिया जसा वरून जाई तसाच खालून बाहेर पडे. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले, आणि हळूहळू अमोनिया नाहीसा झाला. नुसता रासायनिक व्यापार असता तर वीस दिवसांचा विलंब कशासाठी? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तोच नायट्रेट बंद झाले. पुढे ती वाफ काढून बागेतल्या मातीचे थोडे धुवण घातले, तेव्हा काही काळाने कार्य पूर्ववत सुरू झाले. वाळूच्या कणाकणावर काही सजीव वस्ती करून आहे, आणि हे परिवर्तन त्या वस्तीचे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. बिहारातील नोनिया लोक पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाच्या मातीतून जो सोरा काढीत आणि जो कंपनी सरकारच्या गलबतांतून दारूगोळ्यासाठी विलायतेस जाई, तोही याच अदृश्य कामगारांच्या कष्टाचा होता. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी ते जीवाणू वेगळे करून दाखविले; आणि मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे 1887 साली स्थापन झालेल्या केंद्रात खडीच्या थरांवर सांडपाणी थांबून-थांबून सोडण्याची पद्धत कसोशीने अभ्यासिली गेली. दोन पाळ्यांमधील अवकाशात हवा आत शिरावी, हे त्या थांबण्याचे मर्म.

हे दोन प्रवाह एकत्र येण्यास माशांचे निमित्त व्हावे लागले. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, तो साठला की मासाच मरतो. त्याचे नायट्रेट झाले की ते भाजीचे अन्न होते. 1969 साली जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅकलार्नी यांनी स्थापिलेल्या न्यू अल्केमी संस्थेत केप कॉड येथे माशांच्या टाक्या आणि भाजीची शेती यांची सांगड घालण्याचे प्रयोग झाले. 1980 नंतरच्या दशकात नॉर्थ कॅरोलायना येथे मार्क मॅकमर्ट्री यांनी तिलापिया, म्हणजे आपल्या उजनीतली चिलापी, हिच्या टाकीचे पाणी वाळूच्या वाफ्यांतून फिरवून टोमॅटो आणि काकडी घेतली. मिसूरीतील स्पेरानिओ दांपत्याने 1990 नंतर वाळूच्या जागी खडी घातली. आज घरोघरी दिसणारा फूटभर खोलीचा, भरून पुन्हा रिता होणारा खडीचा वाफा त्यांच्याच वळणाचा आहे. येथे वाफ्यातील द्रव्याचे कर्तव्य पालटले: आता त्याने उदासीन राहून भागेना, त्याला मुळांचा आधार, गाळणी आणि जीवाणूंचे निवासस्थान अशी तिहेरी चाकरी करावी लागली.

या तिहेरी चाकरीमुळेच निवड अवघड होते. भाजलेल्या मातीच्या गोळ्या सर्वांत सोयीच्या. भट्टीत ओली माती ज्वारीच्या लाहीसारखी फुलते, तिच्यात असंख्य पोकळ्या राहतात आणि तिचे वजन खडीच्या चतुर्थांशाच्या आसपास येते. ही कृती मुळात बांधकामासाठी निघाली. अमेरिकेत स्टीफन हेड यांना 1918 साली तिचे पेटंट मिळाले आणि तिच्या काँक्रीटची जहाजे बांधली गेली, त्यांतील सेल्मा 1919 साली पाण्यात उतरले. घनमीटरभर खडीचे वजन सोळाशे किलोच्या घरात जाते, त्यामुळे गच्चीवर वाफा घालणाऱ्याने या गोळ्यांचा खर्च सोसावा असे मी म्हणेन. जमिनीवर घालणाऱ्याने खडीच घ्यावी. मात्र ती पारखून घ्यावी.

पारख चुनखडीची. मूठभर खडी पेल्यात घालून वर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे उठले तर तो ढीग नाकारावा. चुनखडी पाण्याला सतत अल्कधर्मी ठेवते, मग पाण्यातले लोह मुळांना मिळत नाही, आणि पालकाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून मधला भाग पिवळा करतात. येथे श्लोझिंग-म्युंट्झ यांच्या नळीतील चुनखडीचे स्मरण होते. ती त्यांनी चुकून घातली नव्हती: जीवाणू नायट्रेट बनविताना आम्लही निर्माण करतात, ते शमले नाही तर त्यांचेच कार्य मंदावते. म्हणून जाणता माणूस वाफा चुनखडीने भरत नाही, पण वर्षा-दोन वर्षांनी पाणी आम्लाकडे झुकले की शिंपल्यांची पुरचुंडी टाकीत सोडतो आणि पाणी ताळ्यावर येताच काढून घेतो.

महाराष्ट्राला या बाबतीत निसर्गाने झुकते माप दिले आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण खाणीवर अर्ध्या-पाऊण इंची खडीच्या रूपात मिळतो, आणि त्याच्यात चुना सहसा मोकळा नसतो. तरीही त्याच्या पोकळ्यांत कोठेकोठे कॅल्साइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात, तेव्हा व्हिनेगरची कसोटी चुकवू नये, आणि क्रशरची कच धुऊन काढल्याशिवाय खडी वाफ्यात टाकू नये, कारण तो गाळ तळाशी बसून निचरा अडवितो. कोकणात जांभ्याचे खडे सच्छिद्र असले तरी ठिसूळ तुकडे विरघळून पाणी तांबडे करतात, ते हाताने निवडून बाजूला काढावे लागतात. आणि किनाऱ्यावरील वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे व खारेपणामुळे या कामी सर्वस्वी वर्ज्य होय.