गाठ तीच, साल वेगळं

या प्रवासाचा नियम एकच. साल बदलेल, राज्य बदलेल, अंगावरचं लुगडं जाऊन साडी येईल, साडी जाऊन कंपनीचा गणवेश येईल. गाठ मात्र बदलणार नाही. तुम्ही पुरुष असलात, तरी हा लेख संपेपर्यंत बेचाळीस वर्षांची बाई आहात. डाव्या स्तनात वरच्या अंगाला, काखेच्या बाजूनं, सुपारीएवढी कडक गाठ आहे. बोटानं ढकलली तर फारशी सरकत नाही. आणि दुखत नाही. हे शेवटचं ध्यानात ठेवा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

1941

तुम्ही उभ्या आहात ते वडगाव कोल्हाटीचं शिवार. याच पट्ट्यात पुढे बजाजनगर वसणार आहे. रब्बीची ज्वारी काढून झालीय, रानात धसकटं उरलीत. राज्य निजामाचं, कनवटीला हाली शिक्का.

“आत्याबाई, हितं गाठ आलीय.”

“दुखती का?”

“न्हाई.”

“मंग? दुखंल तवा बघू.”

सासूबाई दुष्ट नाहीत. त्यांच्या अनुभवात आजार म्हणजे ताप, कळ, ठणका. काहीच न दुखता माणूस मरायला टेकतं, हे त्यांनी पाहिलेलं नाही. लेप लागतात, उपास होतात. सुगी जाते, पाऊस जातो. मग गाठीवरची कातडी आत ओढली जाते, बोंड आत वळतं, काखेत दुसरी गाठ हाताला लागते. बहुतेक बायकांचा प्रवास इथेच संपतो. तुम्ही निघता.

बैलगाडीनं औरंगाबाद स्टेशन, तिथून मीटरगेजच्या गाडीनं मनमाड. मनमाडला गाडी बदलायची. मुंबईत हाली शिक्का चालत नाही, म्हणून तो देऊन कलदार रुपये घ्यायचे. परळला नवी कोरी इमारत उभी आहे. 28 फेब्रुवारीलाच तिचं उद्घाटन झालंय. टाटा मेमोरियल हॉस्पिटल, खाटा 80. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्या दुःखातून आणि टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून ही इमारत उभी राहिली.

तोंडावर ईथरचा मुखवटा येतो. हे नशीबच समजा. 1804 साली जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी वनस्पतींचा गुंगी आणणारा काढा पाजून एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली गाठ काढली होती. ईथर रुळायला त्यानंतर चार दशकं गेली. तोवर जगभरच्या बायका शुद्धीत असताना सुरीखाली गेल्या.

शस्त्रक्रिया बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी रुळवलेली आहे. तिच्यामागचा तर्क साधा आहे. रोग मुळापासून पायरीपायरीनं बाहेर सरकतो, म्हणून जेवढं जास्त कापाल तेवढं बरं. स्तन, त्याखालचे छातीचे दोन्ही स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. तुम्ही जाग्या होता तेव्हा डावीकडे बरगड्यांवर फक्त कातडी आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. पुढे तो सुजेल, जड होईल. जात्याचा खुंटा आता उजव्याच हातानं ओढायचा.

1979

आता तुम्ही घाटीत आहात. 1956 मध्ये सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय मराठवाड्याच्या तोंडी ‘घाटी’च. केस पेपर निघतो. पडद्याआड डॉक्टर आणि त्यांच्यामागे विद्यार्थी. पदर बाजूला करताना तुम्ही भिंतीकडे बघता.

“किती दिवस झाले बाई?”

“झालं असंल साल.”

एक वर्ष. हे उत्तर कागदावर उतरतं आणि पुढच्या बहुतेक गोष्टी तिथेच ठरतात.

या वेळी छातीचे स्नायू वाचतात, फक्त स्तन आणि काखेतल्या गाठी निघतात. खोलवर कापून आयुष्य वाढतं, या समजाला तडे जाऊ लागलेत. अमेरिकेत बर्नार्ड फिशर सांगतायत की कर्करोगाच्या पेशी सुरुवातीलाच रक्तातून बाहेर पडलेल्या असू शकतात; मग सुरी कितीही खोल गेली तरी त्या तिच्या हाती लागणार नाहीत, त्यांच्यासाठी औषधच हवं. मिलानच्या जानी बोनाडोना यांनी 1976 मध्ये दाखवून दिलंय की शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची किमो दिली, तर काखेत पसरलेला रोग उलटण्याचं प्रमाण घटतं. टॅमॉक्सिफेनची गोळीही परदेशात आली आहे.

वॉर्डात आणखी कुणीतरी तुमचा केस पेपर मागतं. ते डॉक्टर नाहीत. ते तुमचं वय, गाव आणि रोगाची जागा उतरवून घेतात. भारतातली पहिली कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीनं 1963 मध्ये मुंबईत सुरू केली. 1972 मध्ये पुणे आणि 1978 मध्ये औरंगाबाद तिला जोडलं गेलं. या नोंदीनं तुमची गाठ बरी होत नाही. पण मराठवाड्यातल्या बाईला हा रोग होतो, किती जणींना होतो, कोणत्या वयात होतो, हे आता कागदावर राहणार आहे.

1988

शिवार गेलं. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यापाठोपाठ कामगारांची वस्ती उभी राहिली. बीड, जालना, परभणी, लातूरकडून माणसं आली. घरात पहिल्यांदा पगाराची तारीख आली. मालक पहिल्या पाळीला, तुम्ही नळाच्या रांगेत.

गाठ तीच. या वेळी तुम्ही चार महिन्यांत परळला पोचता आणि डॉक्टर असं काही सांगतात जे 1941 मध्ये कुणी बोललंही नसतं. स्तन ठेवता येईल. फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, काख तपासायची, नंतर किरणांचा शेक घ्यायचा. मिलानच्या उम्बेर्तो वेरोनेसी यांनी 1981 मध्ये आणि फिशर यांनी 1985 मध्ये असा उपचार घेतलेल्या बायकांचे निकाल मांडलेत. स्तन काढलेल्या बायका आणि ठेवलेल्या बायका सारख्याच जगल्या.

तुम्ही विचारता, “शेक किती दिवस?”

आठवड्याचे पाच दिवस, पाच ते सहा आठवडे.

मग घरच्या हिशोबाला बसा. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दवाखान्यासमोरचा फुटपाथ. सोबतीला एक माणूस लागणार, म्हणजे मालकांची रजा. पोरं शेजारणीकडे किती दिवस ठेवणार? संध्याकाळी तुम्हीच डॉक्टरांना सांगता, “काढूनच टाका.” केस पेपरवर स्तन काढल्याची नोंद होते. मुंबई आणि बजाजनगर यांच्यामधला रस्ता नसता, तर उत्तर वेगळं आलं असतं, हे कागदावर कुठे येत नाही.

2013

थोडं वाकडं वळण घेऊ. 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग चालू आहे. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, मोठ्या पदव्या नाहीत. प्रशिक्षण दिलेल्या बायका वस्तीत गेल्या आणि दर दोन वर्षांनी त्यांनी बायकांचे स्तन हातानं तपासले. दीड लाखांहून जास्त बायका यात आहेत. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल 2021 मध्ये येईल. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. तरुण बायकांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही. अशी तपासणी म्हणजे जादू नव्हे, हेही त्याच निकालात आहे.

इकडे औरंगाबादेत आमखास मैदानाजवळ 2012 मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालंय, टाटा मेमोरियलच्या सहकार्यानं. त्याच वर्षी राज्यानं जीवनदायी योजना आणली, तीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या चाचण्यांचे दहा वर्षांचे निकाल आले. पाच आठवड्यांचा शेक तीन आठवड्यांत दिला तरी चालतो. 2020 मध्ये आणखी एक निकाल येईल, त्यात काही रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा शेक देऊनही काम भागलेलं असेल.

1988 चा हिशोब परत मांडा. मुंबई गळाली. बजाजनगरहून एएस क्लब, नगर नाका, छावणी करत पंधराएक किलोमीटर. सकाळी जायचं, शेक घ्यायचा, दुपारी घरी भाजी टाकायची. ही गाठ आता स्तन ठेवूनही काढता येते.

आजचं साल

शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर. तुम्ही वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहात, ठेकेदाराकडून. हातानं तपासणी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग सुईनं काढलेला तुकडा. हे तिन्ही झाल्याशिवाय डॉक्टर सुरी उचलत नाहीत.

तुकड्याच्या अहवालात आता गाठीचा स्वभाव लिहून येतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर पोसणारी असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी, पाच ते दहा वर्षं. हर-टू हे प्रथिन जास्त असेल, तर ट्रास्टुझुमॅब. ते 1998 मध्ये अमेरिकेत आलं, 2014 मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली. तिन्ही नसतील, तर मुख्य भिस्त किमोवर. भारतीय बायकांमध्ये हा तिसरा प्रकार पाश्चात्त्य बायकांपेक्षा जास्त आढळतो. शिवाय आपल्याकडे हा रोग साधारण दहा वर्षं आधी गाठतो. बेचाळीस हे वय इथल्या वॉर्डात कुणाला नवल वाटायला लावत नाही.

गाठ मोठी असेल तर आधी किमो, ती आक्रसली की शस्त्रक्रिया. लाल रंगाचं औषध शिरेतून जातं, लघवी लाल होते, दोन-तीन आठवड्यांत केस गळतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी कदाचित गाठीभोवती भूल देणाऱ्या साध्या औषधाचं इंजेक्शन मिळेल आणि सात-दहा मिनिटांनी सुरी लागेल. हा टाटा मेमोरियलच्या राजेंद्र बडवे यांच्या गटाचा शोध आहे. 1600 बायकांच्या चाचणीत हे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी 90.1 टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी 86.4 टक्के. 2023 मध्ये हे छापून आलं. औषध कोणत्याही दवाखान्यात मिळणारं, स्वस्त.

इतकं सगळं हाताशी आहे. तरीही केस पेपरवरचा पहिला प्रश्न 1979 चाच आहे, “किती दिवस झाले ताई?” आणि तुम्ही खाली बघून म्हणता, “सात-आठ महिने.”

आता अडवतो तो खाडा. तपासणीचा एक, सोनोग्राफीचा एक, तुकड्याचा एक, अहवालाचा एक. मग दर एकवीस दिवसांनी किमो, अशा आठ वेळा. कामगार विमा आहे. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के रक्कम मिळण्याची त्यात तरतूद आहे, पण त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि भरलेले हप्ते दाखवावे लागतात. ठेकेदार बदलला, नाव कमी होऊन परत चढलं, की सलगपणा तुटला. म्हणून तुम्ही दिवाळीचा बोनस होऊ दे म्हणता, पोराची दहावी होऊ दे म्हणता. गाठ दुखत नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं घरात कुणाला चुकीचंही वाटत नाही.

1941 मध्ये परळ गाठायला दोन राज्यांमधली हद्द ओलांडावी लागत होती. आज यंत्र शहरात आहे, योजना आहे, तिशीपुढच्या बाईची आरोग्य केंद्रात हातानं तपासणी करायचं सरकारी धोरण आहे. मुंबईच्या प्रयोगात तपासणाऱ्या बायका वस्तीत चालत गेल्या होत्या. त्या वाळूजच्या कारखान्यांत पाळी सुटताना बसू शकतात, एक पडदा आणि एक टेबल पुरे. आणि ज्या बाईच्या हाताला गाठ लागली, तिच्या तपासणीचे चार दिवस मस्टरवर हजर लावायचे. तेवढं झालं, तर पुढच्या केस पेपरवर महिन्यांऐवजी आठवडे लिहिले जातील.