सरफोजीला कुठे बसवायचं?

तंजावरला पोस्टिंगवर आलेल्या मराठी माणसांत एक वाद ठरलेला असतो. मोठ्या मराठ्यांच्या रांगेत दुसरा सरफोजी बसतो का? आमचा साताऱ्याचा सार्जंट म्हणतो, "एक गोळी न झाडता राज्य दिलं. पेन्शनर राजा!"

आरोप खरा आहे. 1799 च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. त्याहून टोचतो तो मल्लिपट्टणमजवळच्या किनाऱ्यावरचा मनोरा. व्यंकोजींच्या वंशजाने 1814-15 मध्ये तो बांधला, तो नेपोलियनच्या पाडावाबद्दल इंग्रजांचा गौरव म्हणून! 1818 ला त्याच इंग्रजांनी पेशवाई बुडवली.

पण लढायचं कशाच्या जोरावर? अमरसिंगाला उतरवून गादी दिली होती ती कंपनीनेच.

मग उरलेल्या आयुष्यात, म्हणजे 1832 पर्यंत, या माणसाने काय केलं ते बघा. नायकांच्या काळापासूनचं सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, काशीयात्रेतूनही पोथ्या आणल्या. 1806 साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसह ठेवली. आणि तह होऊन चारच वर्षं झालेली असताना, 1803 मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांच्या देवळात! राज्य गेलेल्या राजाची ही हिंमत मला लहान वाटत नाही.

तलवारीच्या रांगेत मी त्याला बसवणार नाही. पण रांग तेवढी एकच आहे, हे कोणी ठरवलं?

सार्जंट अजून मनोऱ्यावरच अडलाय.