ठरवणारे डोके आणि वाहणारे हात: राउटरच्या फाळणीची गोष्ट

१/ २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे संगणकजाळे कित्येक तास ठप्प झाले. घातपात नव्हता, स्मृतीतून गळालेले मोजके बिट त्याला पुरेसे ठरले. आजच्या राउटरची रचना समजून घ्यायची, तर या दिवसापासून सुरुवात करणे इष्ट.

२/ अर्पानेटच्या प्रत्येक नाक्यावर १९६९ पासून 'आयएमपी' नावाचा छोटा संगणक असे. मार्ग ठरवणे आणि आलेले पॅकेट पुढे धाडणे, ही दोन्ही कामे तो एकाच प्रोसेसरवर करी.

३/ प्रत्येक आयएमपी आपल्या तारांची खबर इतरांना कळवी. खबरेवर ० ते ६३ पैकी क्रमांक असे; ६३ नंतर पुन्हा ०. त्या दिवशी हार्डवेअरच्या दोषाने बिट गळाले आणि एकाच केंद्राच्या ८, ४० व ४४ क्रमांकांच्या तीन खबरा जाळ्यात एकदमच फिरू लागल्या.

४/ चक्राकार मोजणीत ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! त्यामुळे प्रत्येक खबर 'ताजी' ठरून अखंड फिरत राहिली. खबरांना अग्रक्रम असल्याने प्रोसेसर त्यांतच गुंतला आणि बाकीची कामे उपाशी राहिली. अखेर त्या केंद्राच्या खबरांकडे दुर्लक्ष करा, असा आदेश प्रत्येक आयएमपीत भरावा लागला.

५/ १९९० च्या दशकात इंटरनेटची वाहतूक अफाट वाढली. १९९८ मध्ये प्रदीप सिंधू यांनी स्थापन केलेल्या ज्युनिपर कंपनीने 'एम४०' राउटर आणला. त्यात मार्ग ठरवणारा संगणक वेगळा आणि पॅकेट वाहणाऱ्या खास चिप वेगळ्या. पहिल्याने मार्गांचा तक्ता तयार करायचा. दुसऱ्यांनी त्याच्या प्रतीवरून काम करायचे. यांनाच कंट्रोल प्लेन व फॉरवर्डिंग प्लेन म्हणतात.

६/ १९८० च्या अपघातातूनच एम४० जन्मला, असे म्हणता येणार नाही. तातडीची निकड वेगाची होती. परंतु या फाळणीने जुने दुखणेही हलके केले. डोके खबरांच्या पुरात अडकले, तरी हात थांबत नाहीत. पुढे तर वाहतूक चालू ठेवून डोके पुन्हा सुरू करण्याची सोयही झाली.

७/ याची किंमतही आहे. डोके बंद असताना हात जुन्या तक्त्यावर विसंबतात. दरम्यान वाट तुटली, तर पॅकेटे निमूटपणे खड्ड्यात जातात. अर्पानेट बिघडले तेव्हा ते थांबले, म्हणून सर्वांना कळले. आजचा राउटर चुकीच्या वाटेवरही पूर्ण वेगाने चालू शकतो.