जानेवारीतच संपलेला कोटा

शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला की तो एकतर सर्व्हर पडल्याचा असतो, नाहीतर आईचा. मागच्या आठवड्यात मात्र माझ्या जुन्या रूममेटचा होता. आम्ही एकाच बॅचचे. कोथरूडला एका खोलीत तीन वर्षं राहिलो, एकाच कंपनीत शेजारी-शेजारी बसून कोड लिहिला. मग एक दिवस साहेबांनी जाहीर केलं की ते सेल्समध्ये चाललेत. आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली होती. टाय लावून लोकांचा चहा पीत हिंडायचं, याला काय काम म्हणतात?

तर फोनवर पठ्ठ्या वैतागलेला. मार्चएंडला याने टार्गेटच्या सव्वापट धंदा केला. इन्सेन्टिव्ह मिळाला, सगळ्यांसमोर टाळ्या वाजल्या. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन वर्षाचं पत्र आलं. टार्गेट दीडपट, आणि दोन वर्षं खेटे घालून जमवलेले दोन मोठे क्लायंट काढून दुसऱ्याच्या पदरात टाकलेले. "मला एक सांग," तो म्हणाला, "हा टार्गेट नावाचा प्रकार काढला कुणी?"

खरं तर हा प्रश्न नव्हता, शिवी होती. पण मला वाईट खोड आहे. प्रश्न विचारला की मी उत्तर शोधायला बसतो. वीकेंड त्यात गेला, आणि जे सापडलं ते आपल्या इंडस्ट्रीच्या इतकं जवळचं निघालं की इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी एक कबुली. आम्हा इंजिनीअर लोकांना सेल्सवाल्यांबद्दल मनातून एक अढी असते. प्रॉडक्टमध्ये नसलेलं फीचर डेमोत विकून हे मोकळे, आणि शनिवार-रविवार आमचे जातात. माझी आजी म्हणायची, बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. आपण स्वतःला कायम गहूवाले समजत आलोय. :)

असो. गोष्ट सुरू होते अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन गावी. तिथे जेम्स रिटी नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. त्याचे नोकर गल्ल्यातले पैसे मारायचे. बोटीवरून युरोपला जाताना त्याने इंजिनरूममध्ये पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं, आणि फेरे मोजता येतात तर पैसे का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. १८७९ साली त्याने भावाच्या मदतीने पहिलं कॅश रजिस्टर बनवलं. यंत्र झकास होतं, पण खपेना. रिटीने कंटाळून धंदा विकून टाकला. पुढे १८८४ मध्ये जॉन पॅटरसन नावाच्या माणसाने ६,५०० डॉलर देऊन त्या कंपनीचा ताबा घेतला. गावाने त्याला वेड्यात काढलं. तो इतका घाबरला, की सौदा मोडून द्या, वर २,००० डॉलर देतो, असं विकणाऱ्याला म्हणाला. विकणारा काही ऐकेना. मग आता आलंय गळ्यात तर विकूनच दाखवतो, म्हणून पॅटरसन कामाला लागला. त्याने कंपनीचं नाव ठेवलं नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एनसीआर.

आता ही वस्तू विकणं किती अवघड होतं बघा. दुकानदाराला ती हवी आहे हेच माहीत नाही. आणि दुकानातल्या नोकरांना ती मुळीच नको, कारण यंत्र आणणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. कंपनीची पत्रकं पोस्टाने आली की नोकर ती मालकापर्यंत पोचूच देत नसत. मग पॅटरसनने कंपनीचं नाव नसलेल्या साध्या पाकिटांतून पत्रकं पाठवायला सुरुवात केली. एजंटांना सांगितलं, दुकानात डेमो द्यायचाच नाही. हॉटेलात खोली घ्या, तिथे यंत्र मांडा आणि मालकाला तिकडे बोलवा.

पॅटरसनचा मेव्हणा, जोसेफ क्रेन, कंपनीचा सगळ्यात यशस्वी विक्रेता होता. त्याचं गुपित एवढंच, की तो प्रत्येक गिऱ्हाइकासमोर तेच ते भाषण शब्द न बदलता करायचा. पॅटरसनने ते लिहून काढलं आणि १८८७ मध्ये त्याची पुस्तिका छापली. प्रत्येक एजंटाने ती पाठ करायची. कुठल्या वाक्याला यंत्राच्या कुठल्या भागाकडे बोट दाखवायचं, हेसुद्धा त्यात. आपल्याकडे गुरुजी संथा देतात, अगदी तसं. जुन्या एजंटांना हा अपमान वाटला. विकणं ही अंगची कला, ती पाठ करून थोडीच येते? पॅटरसनचं म्हणणं, येते. पुढे त्याने डेटनला विक्रेत्यांची शाळाच काढली.

पण माझ्या मते त्याची खरी करामत वेगळी होती. तोवर फिरता विक्रेता म्हणजे बेवारस प्राणी. एकाच कंपनीचे दोन एजंट एकाच गावात एकमेकांचे भाव पाडायचे. पॅटरसनने प्रत्येकाला इलाखा नेमून दिला. तुझ्या इलाख्यात यंत्र कुणीही विको, कमिशन तुझं. म्हणजे एक प्रकारचं वतनच! त्याबदल्यात दरवर्षी ठरलेला आकडा गाठायचा. तो आकडा म्हणजे कोटा. कोटा पुरा करणाऱ्यांचा एक मानाचा क्लब होता, त्यांचे मेळावे आणि सत्कार व्हायचे. फक्त या वतनाची सनद दर साल नव्याने मिळवावी लागे.

म्हणजे मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणायचं. पण इथे माझी पंचाईत झाली. मी शिव्या घालायला खलनायक शोधत होतो, आणि ज्याला ही पद्धत वरदान वाटली असा माणूस समोर आला. त्याचं नाव थॉमस वॉटसन.

वॉटसन १८७४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. घोडागाडीत पियानो, ऑर्गन आणि शिलाई मशिनं घालून खेड्यापाड्यांतून विकायचा. पगार आठवड्याला १२ डॉलर, आणि त्यात तो खूश. मग कळलं की बाकीचे एजंट कमिशनवर आहेत, आणि त्यांच्या हिशेबाने त्याला आठवड्याला ७० डॉलर मिळायला हवे होते. नोकरी सोडली. पुढे बफेलो शहरात शेअर्स विकायला लागला तर भागीदार पैसे घेऊन पळाला. खाटकाचं दुकान काढलं, तेही बुडालं. दुकानात एनसीआरचं एक रजिस्टर हप्त्यावर घेतलेलं होतं. ते हप्ते नव्या मालकाच्या नावावर करायला तो कंपनीच्या ऑफिसात गेला आणि तिथेच नोकरी मागत बसला. चार वेळा हाकलल्यावर १८९६ मध्ये एकदाचं काम मिळालं.

पहिल्या दोन आठवड्यांत एकही यंत्र विकलं गेलं नाही. मॅनेजर होता जॉन रेंज. त्याने वॉटसनला समोर उभं करून असं काही झाडलं की हा राजीनाम्याची वाक्यं जुळवू लागला. आणि मग एकदम सूर बदलून रेंज म्हणाला, चल, आपण दोघं मिळून जाऊ. पडलो तर दोघं पडू. दोघं गेले आणि ऑर्डर घेऊन आले. थोड्याच वर्षांत वॉटसन त्या भागातला पहिल्या रांगेतला विक्रेता झाला. ज्याच्याकडे ना मोठी डिग्री, ना ओळखपाळख, ना भांडवल, अशा मुलाला त्या काळात दुसरीकडे कुठे हे मिळालं असतं? बापाचं नाव न विचारता फक्त आकडा विचारणारी ती जागा होती.

आकडा मात्र एवढंच विचारतो, ही गोमही तिथेच. १९०३ मध्ये कंपनीने वॉटसनला एका गुप्त कामगिरीवर पाठवलं. जुनी रजिस्टरं विकणारे दुकानदार एनसीआरचा धंदा खात होते. वॉटसनने एनसीआरशी काही संबंध नसल्याचं भासवून स्वतःच्या नावाने जुन्या रजिस्टरांचं दुकान काढलं. मागून पैसा कंपनीचा. तोट्यात विकून त्याने प्रतिस्पर्धी एकेक करून संपवले. अखेर सरकारने खटला भरला आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये पॅटरसन, वॉटसन आणि कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांवर मक्तेदारीचा गुन्हा शाबीत झाला. वॉटसनला एक वर्षाची तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात डेटनला महापूर आला. पॅटरसनने कारखान्यात होड्या बनवून लोकांना वाचवलं आणि तो रातोरात गावाचा देव झाला. वरच्या कोर्टाने १९१५ मध्ये तो निकाल रद्द केला, तुरुंगात कुणालाच जावं लागलं नाही. पण त्याआधीच, १९१३ च्या अखेरीस, पॅटरसनने वॉटसनला काढून टाकलं होतं. डोईजड होणाऱ्या माणसांना काढायची पॅटरसनला सवयच होती. वॉटसन चाळिशीला टेकलेला, त्याच वर्षी लग्न झालेलं, बायको गरोदर.

मे १९१४ मध्ये त्याला सीटीआर नावाच्या एका खिचडी कंपनीत काम मिळालं. ती वजनकाटे, हजेरीची घड्याळं आणि होलेरिथची पंचकार्ड यंत्रं बनवायची. वॉटसनने पगाराबरोबर नफ्यात टक्केवारी मागून घेतली. हाडाचा कमिशनवाला! आणि डेटनचं सगळं तिथे आणलं. इलाखे, कोटा, शाळा, गाणी, आणि कोटा पुरा करणाऱ्यांचा हंड्रेड परसेंट क्लब. १९२४ मध्ये त्या कंपनीचं नाव झालं आयबीएम. १९३४ साली वॉटसनची कमाई साडेतीन लाख डॉलरच्या वर गेली आणि वर्तमानपत्रं त्याला रोजचे हजार डॉलर कमावणारा माणूस म्हणू लागली.

आयबीएमची एक गोष्ट मला फार आवडली. यंत्रं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची. त्यामुळे गिऱ्हाइकाने यंत्र परत केलं की विक्रेत्याच्या खात्यातून तेवढे गुण वजा. विकून पळून जायची सोयच नाही! (आमच्या कंपनीत हा नियम लावला तर माझे कितीतरी रविवार वाचतील.)

आता जानेवारीच्या दोन गोष्टी. वॉटसन बडतर्फ झाला तेव्हा पोटात असलेला मुलगा, थॉमस वॉटसन ज्युनिअर, १९३७ मध्ये आयबीएममध्ये विक्रेता म्हणून लागला. १९४० साली कामाच्या पहिल्याच दिवशी त्याचा वर्षाचा कोटा पुरा झाला. कंपनीभर जयजयकार! झालं होतं एवढंच, की एका बड्या पोलाद कंपनीचं खातं हळूच त्याच्या इलाख्यात सरकवण्यात आलं होतं. मालकाचा पोरगा ना. बिचाऱ्याला ते इतकं लागलं की आत्मचरित्रात त्याने ते मोकळेपणाने लिहून ठेवलंय. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

दुसरी जानेवारी १९६२ ची. तोवर वॉटसन ज्युनिअर कंपनीचा प्रमुख झाला होता. डॅलसच्या ऑफिसात रॉस पेरो नावाचा विक्रेता होता, नौदलातून आलेला. तो सांगत असे, की त्या वर्षीचा कोटा त्याने जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच संपवला. आणि नियम असा की कोट्याच्या पलीकडे कमिशन नाही. म्हणजे उरलेले अकरा महिने बसून राहा. ज्या आकड्याने एका वॉटसनला घोडागाडीतून वर आणलं, तोच आकडा आता पेरोच्या डोक्यावर छत होऊन बसला होता.

बसून राहिलेल्या पेरोच्या एक लक्षात आलं. कंपन्या लाखो डॉलरची यंत्रं घेतात, पण ती चालवायची कशी हे त्यांना कळत नाही. त्यांना यंत्र नकोच आहे, काम झालेलं हवंय. त्याने हे वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी ऐकून सोडून दिलं. जूनमध्ये, बत्तिसाव्या वाढदिवशी, हजार डॉलर घालून त्याने स्वतःची कंपनी काढली. नाव इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स, म्हणजे ईडीएस. स्वतःचा कॉम्प्युटर नाही. एका विमा कंपनीच्या यंत्राचा रिकामा वेळ विकत घेऊन तो दुसऱ्याला विकायचा. ७७ ठिकाणी नकार मिळाला. अठ्ठ्याहत्तरावी कंपनी हो म्हणाली. दुसऱ्याचं कॉम्प्युटरचं काम वर्षानुवर्षांच्या कराराने अंगावर घ्यायचं, हा आपला आजचा सगळा धंदा. बेंच, एसएलए, ऑनसाईट आणि आपले सगळ्यांचे होमलोनचे हप्ते ज्याच्यावर चालतात तो. त्याच्या पहिल्या मोठ्या दुकानांपैकी हे एक. १९८४ मध्ये ईडीएस जनरल मोटर्सने घेतली. २००६ मध्ये स्वतंत्र ईडीएसने बंगळुरूच्या एमफॅसिसमधला मोठा हिस्सा विकत घेतला, आणि २००८ मध्ये ईडीएसच एचपीच्या पोटात गेली. एमफॅसिसमध्ये काम केलेले पुण्यात ढिगाने सापडतील. त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल, की एका सेल्सवाल्याला जानेवारीतच काम उरलं नव्हतं म्हणून हे सगळं झालं?

रविवारी रात्री मी मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. मला वाटलं, गडी पेटून उठेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलला नाही.

"सत्त्याहत्तर नकार," तो म्हणाला. "मग तोवर घर कसं चालायचं त्याचं?"

"बायको शिक्षिका होती. शिवाय तो एका आरोग्य विमा कंपनीत अर्धवेळ काम करत होता."

"हं. म्हणजे नोकरी सोडली नव्हतीच म्हण की."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने घाईघाईने सांगितलं की मंगळवारी नागपूरला मीटिंग आहे, नवीन क्लायंट आहे, तिकीट काढायचंय. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "तुमच्या त्या नव्या मॉड्यूलचा डेमो चालतो का रे नीट, की अजून नुसत्या स्लाइडच आहेत?"