जुने व्हिडिओ गेम आज खेळताना



जुने व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळले तर टिकतात का, हा आजचा विषय. तो जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, ‘कांटवरून एकदम इथं कसे काय उतरलात?’ मी म्हटलं, कांट आहे तिथंच आहे, आणि प्रश्नही फारसा लांबचा नाही. एखादी वस्तू काळाच्या ओघात ‘तीच’ राहते म्हणजे नेमकं काय राहतं, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तो पन्नासएक वर्षांतच आपल्या डोळ्यांसमोर घडला, एवढाच फरक.

आपल्याला जवळचं उदाहरण घेऊ. ‘संगीत सौभद्र’ आजही रंगतं का, असं कोणी विचारलं तर मी आधी विचारीन, कोणतं सौभद्र? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये रंगभूमीवर आणलेलं? त्या परंपरेतले प्रयोग रात्रभर चालायचे, वन्स मोअर घेत घेत उजाडायचं. आज पदं कमी करून ते तीन तासांत बसवतात. संहिता तीच आहे, पण ती रात्र आता नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ‘टिकला’ किंवा ‘नाही टिकला’ असा निकाल आपण पटकन देतो. मुळात तो खेळ कशाकशाचा बनलेला होता हे पाहायचं राहून जातं. आज माझा सगळा भर त्यावर आहे.

सुरुवात १९७८ पासून करू. जपानमधल्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. पाच ओळी, एकेका ओळीत अकरा, असे ५५ परग्रहवासी. डावी-उजवीकडे सरकत ते हळूहळू खाली उतरतात आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या. मागे चार जड सुरांचं एक आवर्तन सतत चालू. आता गंमत अशी की शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले जोरात पळू लागतात, ते चार सूरही द्रुत लयीत जातात, आणि शेवटचा एकटा राहिलेला तर हाती लागता लागत नाही.

हा वाढता वेग आला कुठून? खेळाच्या प्रोग्राममध्ये एका फ्रेमला एकच शत्रू पुढे सरकायचा. त्यातल्या इंटेल ८०८० प्रोसेसरची ताकदच बेताची होती. सेकंदाला ६० फ्रेम. म्हणजे ५५ जणांची अख्खी फौज एक पाऊल पुढे जायला जवळजवळ एक सेकंद लागणार. दहा उरले तर सेकंदाचा सहावा भाग. एकच उरला तर तो दर फ्रेमला हलणार. यंत्राची ही मर्यादा होती. निशिकादोंनी पाहिलं की खेळ यानं रंगतोय, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

आज तुमच्या खिशातल्या फोनला ५५ काय, ५५ हजार आकृत्या एकदम हलवता येतात. त्यामुळे हा खेळ जो कोणी नव्यानं लिहितो त्याला ती मंदगती मुद्दाम प्रोग्राममध्ये घालावी लागते. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही वस्तूचे सारभूत गुण आणि आगंतुक गुण असा भेद शिकवायचो. इथं यंत्राच्या अशक्तपणातून आलेला आगंतुक गुण खेळाचा प्राण होऊन बसला! आणि तो आजही काम करतो. शेवटच्या शत्रूच्या वेळी माझी नाडी वाढते, हे मी या वयात तपासून पाहिलेलं आहे.

आता नाण्याकडे येऊ. पार्लरमधला खेळ नाण्यावर चालायचा. जपानात १०० येन, अमेरिकेत २५ सेंट, आपल्याकडे एक-दोन रुपयांचं नाणं किंवा टोकन. मालकाला काय हवं? गिऱ्हाईक काही मिनिटांत हरलं पाहिजे, पण चिडून निघून न जाता त्यानं पुन्हा खिशात हात घातला पाहिजे. खेळाची कठीणपणाची पातळी या हिशेबानं बेतलेली असे. हा हिशेब घरच्या यंत्रांवरच्या खेळांतही बराच काळ तसाच राहिला. पुष्कळांना ‘कोन्ट्रा’ आठवत असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे स्वस्त ‘टीव्ही गेम’ आले ते निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९ इन १’ आणि आत तेच पाच-पंचवीस खेळ नावं बदलून फिरून फिरून येणार. त्यात ‘कोन्ट्रा’ हमखास. त्याच्या १९८८ च्या घरगुती आवृत्तीत तीनच जीव मिळायचे. मात्र बटणं एका ठरावीक क्रमानं दाबली की तीस. हा क्रम मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्राडियस’च्या वेळी स्वतःसाठी घातला होता, कारण तपासणी करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना.

आज हेच खेळ विकत घेतले तर सोबत ‘रिवाइंड’ची सोय मिळते. मेलात, दहा सेकंद मागे जा, पुन्हा करा. असा अर्ध्या-पाऊण तासात शेवट गाठायचा आणि म्हणायचं, ‘हॅः, एवढंच होतं होय? जुन्या आठवणींनीच मोठं करून ठेवलं होतं.’ मला हा निकाल मान्य नाही. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाचं ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक १९७८ चंच, स्पेस इन्व्हेडर्सच्याच वर्षीचं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. सूट्स यांचं म्हणणं थोडक्यात असं की खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपखुशीनं अंगावर घेणं. गोल्फचा चेंडू हातानं नेऊन खड्ड्यात टाकणं सर्वांत सोपं, पण मग तो गोल्फ नव्हे. रिवाइंड वापरण्यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, मीही वापरतो. पण शब्दकोड्याचं उत्तर शेजारी उघडं ठेवून कोडं सोडवायचं आणि वर कोडं सपक निघालं म्हणायचं, हे बरं नव्हे.

पडद्याचीही एक गोष्ट आहे. ‘डक हंट’ हा १९८४ चा खेळ. टीव्हीसमोर उभं राहून प्लॅस्टिकच्या बंदुकीनं बदकं मारायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन दिसला की नाही एवढंच पाहतो. बंदूक काही मारत नाही, ती पाहते. ही सगळी वेळेची जुळणी जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी केलेली. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, आणि तेवढ्या उशिरानं बंदूक आंधळी होते. म्हणजे यंत्र शाबूत, कॅसेट शाबूत, बंदूक शाबूत आणि तरी खेळ नाही. १९९१ च्या ‘सॉनिक’मधला धबधबाही असाच. तो उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी रंगवला होता. जुन्या टीव्हीच्या अंधूकपणात त्या पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या स्वच्छ पडद्यावर नुसत्या पट्ट्या दिसतात. ‘किती ओबडधोबड चित्र काढायचे’ असं आपण म्हणतो, पण चित्रकारानं ते या पडद्यासाठी काढलेलंच नव्हतं.

मग काहीच जसंच्या तसं टिकत नाही का? टिकतं. ‘टेट्रिस’ पाहा. १९८४ मध्ये मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्र काढताच येत नव्हतं, म्हणून चौकटी दाखवायला त्यांनी कंसाची चिन्हं वापरली. चार-चार घरांचे सात आकार, ते वरून पडणार, ओळ भरली की नाहीशी होणार. यात शिळं होण्यासारखं काही नाहीच. बुद्धिबळाचा घोडा लाकडाचा असो की हस्तिदंताचा, अडीच घरंच जातो, तसं.

पण टेट्रिसबद्दल मला याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावरची त्याची आवृत्ती १९८९ ची. तिच्यात २९ व्या पातळीला आकार इतक्या वेगानं पडतात की वरून खालपर्यंत यायला सेकंदाचा तिसरा भाग. तिथं माणसाचा खेळ संपतो अशी कित्येक वर्षं सर्वांची समजूत होती. मग खेळाडूंनी बटण वेगळ्या रीतीनं दाबायला सुरुवात केली. २०२० नंतर तर एक अजब पद्धत आली: अंगठा बटणावर हलकेच टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर, तबल्यावर फिरवावीत तशी, एकापाठोपाठ एक आपटायची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीला पोहोचला आणि तिथं प्रोग्रामनंच हात टेकले, पडदा गोठला. खेळ बाजारात येऊन ३४ वर्षं झाली होती. हा मुलगा तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता, त्यामुळे इथं ‘बालपणीच्या आठवणी’ हा खुलासा चालत नाही. जुन्या ग्रंथाला नवा भाष्यकार मिळावा तसं हे आहे. ‘टिकतो का’ या प्रश्नापेक्षा ‘त्यात अजून काही शिल्लक आहे का’ हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो.

सगळ्याच जुन्या खेळांची मी वकिली करतोय असं समजू नका. अटारीचा १९८२ चा ‘ई. टी.’ पाच-सहा आठवड्यांत उरकलेला होता, तेव्हाही लोकांना आवडला नाही आणि त्याच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये उकरून काढल्या म्हणून खेळ सुधारत नाही. नव्वदच्या दशकातले पहिले त्रिमितीय खेळ हे मात्र अवघड प्रकरण. इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या कोअर डिझाइनचा ‘टूम रेडर’ १९९६ चा. आजच्या मुलांना लारा क्रॉफ्ट चालवायला दिली की पाच मिनिटांत वैतागतात, रणगाडा चालवल्यासारखं वाटतं म्हणतात. पण त्या सगळ्या गुहा सारख्या मापाच्या चौकोनी ठोकळ्यांनी बांधलेल्या आहेत. एक उडी मागे, मग धाव, मग कड्यावरून झेप. किती ठोकळ्यांची दरी पार होणार ते आधीच मोजता येतं. हार्मोनियमवर बोटं बसवायला लागतात तेवढा धीर धरला तर त्या चालीला व्याकरण आहे हे कळतं. उलट त्या काळातल्या पुष्कळ खेळांचा कॅमेरा ऐन उडीच्या वेळी भिंतीत अडकतो. तिथं कसलंही व्याकरण नाही. ते न जमलेलं काम आहे, आणि तसं म्हणायला हरकत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते तिकडे वळतो. नामकोचा ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’, १९८४. साठ मजल्यांचा मनोरा. जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक पेटी लपलेली, ती प्रकट व्हायला काय करायचं हे खेळ सांगत नाही. काही पेट्या चुकल्या तर शेवट गाठताच येत नाही. एकट्यानं खेळायला घेतलात तर वाटेल, हा शुद्ध वेडेपणा आहे. पण जपानमधल्या पार्लरांत तेव्हा खेळणाऱ्यांसाठी वह्या ठेवलेल्या असत. अमक्या मजल्यावर असं केलं, पेटी आली, असं कोणीतरी लिहून जायचं. दुसरा येऊन ते करून पाहायचा, तिसरा दुरुस्ती करायचा. तो खेळ सगळ्या पार्लरनं मिळून सोडवायचा होता. आज सगळी उत्तरं इंटरनेटवर एका पानात मिळतात. ती वाचून खेळा किंवा न वाचता हरा. मधली वाट, जी मूळ वाट होती, ती बंद झाली.

आपल्याकडे ही मधली वाट ‘मुस्तफा’ला होती. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, मार्क शुल्ट्झ यांच्या एका अमेरिकन कॉमिकवरून केलेला. चार पात्रांतला एक मुस्तफा. पोरांनी खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं. शाळेच्या नाहीतर एसटी स्टँडच्या आसपासचं अंधारं दुकान, खांद्याला खांदा लावून तिघं खेळताहेत आणि मागे पाचसहा जण ‘अरे उडी मार, उडी मार’ करताहेत. बघ्यांनाही खेळ पाठ असायचा. मोठी माणसं नाक मुरडायची ते वेगळं. हा खेळ त्या काळी घरच्या यंत्रांवर आलाच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमनं आपल्या अशा जुन्या मारामारीच्या खेळांचा संच काढला, त्यात सात खेळ आहेत आणि हा नाही. प्रोग्राम एकाचा, कथा आणि पात्रं दुसऱ्याची, की असं होतं.

हे एकट्या मुस्तफाचं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं पाहणी केली तेव्हा तिथं २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. ग्रंथालयांनी मागणी केली की अभ्यासकांना आमच्या संग्रहातले हे खेळ घरबसल्या पाहू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ती फेटाळली. त्यामागची एक मोठी शंका अशी की लोक ते करमणुकीसाठी खेळतील! पुस्तक घरी नेलं तर माणूस ते आनंदानं वाचेल, म्हणून नेऊ द्यायचं नाही, असं ग्रंथालयाला कोणी म्हणत नाही. आणि जो खेळ खेळून आनंद होतो की नाही हे पाहायचीच सोय नाही, तो टिकला की नाही हे ठरवायचं कसं?

यंत्रं आणि प्रोग्राम यांचं काय ते कायदेवाले बघतील. त्या दुकानांत उभी राहिलेली मुलं आज चाळिशी-पंचेचाळिशीची आहेत, आणि हे ऐकणाऱ्यांतही त्यांच्यातले काही असणार. तुमचं गाव कोणतं, दुकानात यंत्रं किती होती, एका नाण्यात तुम्ही कुठवर पोहोचायचात, कोणती युक्ती कोणाकडून शिकलात, हे मराठीत लिहून पाठवा, दोन पानं का होईना. मुस्तफा पुढेमागे पडद्यावर परत येईलही, पण मागे उभं राहून ओरडणारे त्यात नसतील.

आता प्रश्न घेऊ.