मिरगापूर्वीचा निरोप

पाहुण्याने किती दिवस राहावे, या प्रश्नाचा उलगडा देशावर यजमानाच्या ऐपतीवरून आणि पाहुण्याच्या भिडेवरून होत असेल. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र त्याचा निकाल शेकडो वर्षे समुद्र देत आला. वैशाख सरून ज्येष्ठ लागला, नैर्ऋत्येचे वारे अंग धरू लागले आणि बंदरांच्या तोंडाशी पाणी फुटू लागले, म्हणजे आग्रह कितीही मायेचा असो आणि गोष्टी कितीही अर्ध्यावर राहिलेल्या असोत, मुंबईहून आलेल्या स्नेह्याने वळकटी बांधावी आणि यजमानाने ती मुकाट्याने बांधू द्यावी, असा या मुलखाचा अलिखित शिरस्ता होता. अशा आटोपत्या मुक्कामात कोणी अनादर शोधीत नसे. वेळीच दिलेला निरोप हा तेथील आतिथ्याचाच एक विधी मानला जाई. हा विधी कसा घडत गेला याचा मागोवा घेऊ लागल्यास नौकानयन, राज्यकारभार आणि घरची कणगी या तिहींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला दिसतो.

मूळ कारण भूगोलाचे. पावसाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, आणि आपला किनारा खडकांचा. त्यामुळे शिडाच्या जहाजाला वाऱ्यापुढे टिकाव धरता आला नाही, तर ते थेट कातळावर येऊन आदळावे, अशी या किनाऱ्याची ठेवण आहे. खाडीच्या आत शिरावे तर मुखाशी वाळूचे दांडे, आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा. गोव्याच्या मांडवीचे तोंड पावसाळ्यात जहाजांना बंद होई, म्हणून पोर्तुगीजांना मुरगावच्या आश्रयाचा विचार करावा लागे. त्यांची लिस्बनहून मार्चच्या सुमारास निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या आसपास गोव्यास लागत. ज्यांचे हे गणित चुकले त्यांना मोझांबिकच्या बेटावर पुढच्या अनुकूल वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने खोळंबावे लागे, आणि तेथील रोगराईत कित्येकांचा प्रवास तेथेच संपे. वेळेवर न निघालेल्या पाहुण्याचे काय होते, याचे हे दर्यावर्दी उदाहरण आपल्या किनाऱ्यावरील खलाशांना ऐकून तरी ठाऊक असले पाहिजे.

मराठ्यांच्या आरमारालाही हीच मर्यादा होती. पावसाळ्यात गुराबा आणि गलबते खाडीत ओढून घेऊन त्यांची छावणी करावी लागे. विजयदुर्गच्या आरमाराला वाघोटणची खाडी आणि गिर्ये येथील गोदी ही त्या दृष्टीने सोयीची स्थळे होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त या छावणीचा जो विचार आला आहे, तो आतिथ्याच्या दृष्टीनेही मननीय आहे. तुफानी दिवस येण्यापूर्वीच जहाजे सुरक्षित बंदरी आणावीत, हे तर त्यात आहेच; पण दरसाल त्याच एका बंदरी छावणी न करता ती पाळीपाळीने निरनिराळ्या बंदरी करावी, कारण आरमाराचे लोक एकाच गावी वारंवार राहिले तर ताकीद कितीही सक्त असली तरी तेथील रयतेस उपसर्ग पोहोचल्यावाचून राहत नाही, अशा आशयाची समजही त्यात दिली आहे. चार महिन्यांचा पाहुणा, मग तो सरकारचा का असेना, गावाला जड होतो, हे व्यवहारज्ञान येथे राजनीतीच्या आसनावर बसलेले दिसते.

ज्याला निघून जाणे शक्य नाही किंवा विहित नाही, त्याच्यासाठी आपल्या परंपरेने निराळी व्यवस्था लावली होती. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात भ्रमंती केल्याने कोवळे अंकुर आणि लहान जीव तुडवले जातात, असा लोकांनी बोल लावल्यावरून वर्षावासाचा नियम झाला, अशी कथा विनयपिटकात आहे. जैन मुनींचा आणि संन्याशांचा चातुर्मासही त्याच ऋतुनियमाने बांधलेला. साष्टीच्या बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत विहारागणिक खोदलेली पाण्याची टाकी पाहिली, म्हणजे दीर्घ मुक्कामाची तरतूद किती आधीपासून आणि किती विचाराने करावी लागते, हे ध्यानी येते. अशा मुक्कामाला दाते लागत, दाने लागत, कातळात कोरलेली वास्तू लागे. सामान्य गृहस्थाच्या घरी यांतले काही नव्हते. तेथे होती केवळ आगोट.

आगोट म्हणजे मिरगाच्या तोंडचे दिवस, आणि त्या दिवसांसाठी केलेली बेगमीही. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, सोले, सुकी मासळी, पापड-सांडगे आणि पडवीत छपराखाली रचलेला लाकूडफाटा, एवढ्यावर घरातील माणसांचे चार महिने काढायचे असत. कारण नद्या-ओढ्यांना पूर आला म्हणजे आठवड्याचा बाजारही दुरावे आणि बंदरात माल उतरणे तर बंदच. ही बेगमी माणसे मोजून केलेली असे. तीत पाहुण्याचे एक पान वाढले तर दोन-चार दिवस कोणाच्या लक्षातही येऊ नये. परंतु तोच पाहुणा वारा फिरल्यामुळे अडकला, तर श्रावणात कोणाच्या तरी ताटातील भात कमी व्हावा, असा तो काटेकोर हिशेब होता. शिवाय मिरग लागल्यावर यजमान घरात सापडायचा नाही. त्याआधी घर शाकारून झालेले, भाजावळ आटोपलेली. आणि पहिली सर पडताच तो जोत घेऊन शेतात उतरलेला. पडवीवर बसून गोष्टी करण्याची सवड वैशाखाबरोबर संपे. म्हणून ‘मिरगाच्या आधी निघ’ असे सांगणारा यजमान तुटक नव्हता. त्या एका वाक्यात पाहुण्याच्या जिवाची काळजी आणि स्वतःच्या कणगीची काळजी, दोन्ही त्याला अवघडल्यावाचून सांगता येत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर आगबोटींची वाहतूक सुरू झाली, आणि शेफर्ड कंपनी व तिच्यामागून आलेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी यांच्या बोटींनी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मुंबईच्या गिरण्यांना आणि कचेऱ्यांना जोडली. वाफेने वाऱ्याची गुलामी संपवली असे क्षणभर वाटावे. परंतु पावसाळ्याचा अंमल तिलाही उठवता आला नाही. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू, त्यांच्या ट्रंका, फणस व आंब्याच्या करंड्या, सारे पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय ठेवणे उन्हाळ्यातही धैर्याचे काम. पावसाळी समुद्रात ते अशक्यच. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस बोट बंद होई ती पावसाळा ओसरेपर्यंत. सुटीला आलेल्या चाकरमान्याचा मुक्काम आता नक्षत्राच्या जोडीला कंपनीच्या वेळापत्रकानेही बांधला गेला, आणि शेवटच्या बोटीच्या आधीच्या फेऱ्यांना माणसांची झुंबड उडू लागली. ‘शेवटच्या बोटीपर्यंत राहा’ असा आग्रह करणारे यजमान असत. पण शेवटची बोट वाऱ्यामुळे बंदर टाळून पुढे जाऊ शकते, हे जाणणारा शहाणा पाहुणा तिच्या आधीचीच बोट गाठी, आणि बोट लागून आडवे पडण्याची शिक्षा निमूट भोगी.

बोट चुकलेल्याला घाटाचा रस्ता होता. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे आणि तेथून आगगाडीने पुण्या-मुंबईकडे जावे, ही सोय 1891 मध्ये कोल्हापुरास रेल्वे आल्यावर झाली. चिपळूणकराला कुंभार्ली घाटाने कऱ्हाड जवळ. पण धुक्यात, पावसात आणि पुरात हा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा चार दिवस आधी निघालेले बरे, असेच बहुतेकांना वाटे.

आभाळाचा इशारा आणि घरची ओढ यांत ओढ जिंकली म्हणजे काय होते, याची सर्वांत दारुण साक्ष 17 जुलै 1947 या दिवसाने दिली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट तुफानात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिवस आषाढी अवसेचा. सणासाठी आपल्या माणसांत जावे, एवढीच त्यांतील कितीएकांची इच्छा. रेवसची फेरी मुंबईच्या बंदराच्या आसऱ्यातली, म्हणून तेवढी पावसाळ्यातही चाले. तरीही असे घडले. बाहेरच्या समुद्रावर बोटी चार महिने बंद ठेवण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा किती अनुभव साठलेला होता, हे त्या दुर्घटनेने उलट बाजूने सिद्ध केले.

त्यानंतर रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोहोचली, आगबोटी उणावत जाऊन बंद पडल्या आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली. मुक्कामाची मर्यादा समुद्राच्या हातून सुटून माणसाच्या हाती आली. याचा लाभ उघड आहे, पण त्यात एक गोष्ट हरवली. पूर्वी निघण्याचा निर्णय पाहुणाही घेत नसे आणि यजमानही घेत नसे; तो ऋतू घेई, आणि त्यामुळे कोणाच्याही स्नेहाला उणेपणा येत नसे. आता कारण शोधावे लागते, आणि शोधलेल्या कारणाचा वास समोरच्याला लागतोच.

तथापि ऋतूचा अधिकार संपला आहे, असे समजणे ही केवळ आपली समजूत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी आजही पावसाळ्यात बंद असतात, कोकण रेल्वे दर पावसाळ्यात निराळ्या, संथ वेळापत्रकाने चालते, आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात महापूर आला तेव्हा याच रेल्वेच्या गाड्या वाटेत अडकून हजारो उतारू खोळंबले. ‘गाडी आहे, रस्ता आहे, आणखी दोन दिवस राहा’ असे आजचा यजमान प्रेमाने म्हणतो, आणि त्या दोन दिवसांत दरड कोसळली तर तिची जबाबदारी सरकारवर सोपवतो. जुना यजमान पश्चिमेचे आभाळ स्वतः पाहत असे, पाहुण्याच्या हाती करंडी देऊन त्याला वेळेवर पडावात बसवीत असे, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा येण्याचे वचन घेत असे. मला विचाराल तर या दोघांत मित्राची अधिक काळजी त्या दुसऱ्याने वाहिली. आणि जाणाऱ्याला वाईट वाटेल या भयाने त्याला थांबवून घेण्याची आपली हल्लीची रीत त्या शिरस्त्यापुढे पुष्कळच उणी ठरते.