एरियसवाद

चौथ्या शतकात उदयास आलेली व ख्रिस्ती चर्चने पाखंड ठरवलेली एक मतप्रणाली. अलेक्झांड्रिया (ईजिप्त) येथील धर्मगुरू एरियस (सु. २५६–३३६) हा तिचा प्रवर्तक. फक्त पिता अनादी आहे. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, सर्व सृष्टीच्या आधीचा असला तरी निर्माण केलेलाच, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. आपली मते लोकांत पसरावीत म्हणून त्याने ‘थालिया’ ही पद्यमय रचना केली.

विरोधकांचा मुख्य आक्षेप तारणासंबंधी होता : ख्रिस्त स्वतःच निर्मित असेल, तर तो माणसाला देवाशी कसा जोडणार? अलेक्झांड्रियाचे बिशप अलेक्झांडर यांनी एरियसला बहिष्कृत केले; तरीही वाद पूर्वेकडील चर्चभर पसरला. तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसिया (आताचे इझ्निक, तुर्कस्तान) येथे धर्मपरिषद भरवली. तीस सुमारे ३०० बिशप उपस्थित होते. परंपरेने हा आकडा ३१८ मानला जातो.

बायबलमधील वचनांचा अर्थ दोन्ही पक्ष आपापल्या परीने लावीत. त्यामुळे केवळ वचनांच्या आधारे निवाडा होईना. अखेर परिषदेने बायबलमध्ये नसलेला ‘होमोऊसिओस’ (पित्याशी एकतत्त्व) हा ग्रीक शब्द मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात) घातला आणि एरियसची विधाने निषिद्ध ठरवली. एरियस व लिबियातील त्याचे समर्थक दोन बिशप हद्दपार झाले.

ठराव झाला, पण मत मावळले नाही. कॉन्स्टंटाइनचा पुत्र कॉन्स्टॅंशियस याने नायसियाच्या विरोधकांना आश्रय दिला. नायसियाचा कट्टर पुरस्कर्ता बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. काहींनी ‘होमोइऊसिओस’ (सदृशतत्त्व) हा मधला शब्द सुचवला. ग्रीक लिपीत दोहोंत एकाच अक्षराचा फरक आहे. राजसत्ता ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूचे मत काही काळ अधिकृत ठरे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मपरिषदेने नायसियाचा निर्णय कायम केला. साम्राज्याबाहेर मात्र बिशप उल्फिलास याच्या प्रचारामुळे गॉथ लोकांत एरियसचे मत रुजले होते. स्पेनमधील व्हिसिगॉथ राज्याने ते ५८९ मध्ये टोलेडो येथे अधिकृतपणे सोडले.

या वादातून घडलेला नायसियाचा मतांगीकार कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रमुख प्रॉटेस्टंट चर्चना मान्य असून उपासनेत आजही म्हटला जातो.